दुसऱ्या फळीला दम तुटणारा जुना कटर: एअर फिल्टर कोंडतोय की गळतोय?

आधी तक्रार सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं तेच आहे का ते लगेच कळेल. चेनसॉ, म्हणजे आपला कटर, जुना आणि सत्तर सीसीच्या आसपासचा. झाड तोडायला, ओंडक्याचे तुकडे करायला दिवसभर चालवा, कुरकुर नाही. तोच कटर फळ्या पाडायच्या फ्रेमवर चढवला की पहिली फळी झकास निघते. दुसरी अर्ध्यावर आली की आवाज जड होतो, धूर वाढतो, चेन लाकडात रेंगाळायला लागते. एअर फिल्टर काढून झटकला की मशीन पुन्हा ताळ्यावर, पुढच्या फळीला पुन्हा तेच. असे दोन हंगाम काढले की एक दिवस दोरी ओढताना हाताला पूर्वीचा अडथळा लागत नाही, दोरी सुळकन येते. तेव्हा समजायचं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबून धरायची ताकद, गेलं.

माझ्याकडे हे सगळं घडून गेलं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या आमच्या बागेत एक जुना फणस आणि दोन रायवळ आंबे मुळासकट उलटले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनारा घासत गुजरातकडे गेलं, त्यात आणखी एक फणस पडला. एवढं पिकलेलं फणसाचं लाकूड चुलीत घालणं जिवावर आलं. पण सॉ मिलपर्यंत न्यायचं कसं? बागेत उतरायला पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाची पायऱ्यांची वाट, तिथे ट्रॅक्टर पोचत नाही. म्हणून जागेवरच फळ्या पाडायच्या ठरवल्या. जुना कटर विकत घेतला, वेल्डरकडून फ्रेम करून घेतली, आणि चार वर्षांत दोन पिस्टन घालवले. पहिला गेला तेव्हा मी ऑइलला दोष दिला. दुसरा गेला तेव्हा फिल्टरच्या मागे बोट घालून बघितलं, आणि बोट पिवळं होऊन बाहेर आलं.

(पडलेल्या झाडाचं लाकूड हलवण्याआधी तोडीचा आणि वाहतुकीचा कागद लागतो का, हे वनखात्याच्या कचेरीत विचारून घ्या. तो वेगळा विषय आहे, पण विसरू नका.)

फळ्या पाडताना मशीनवर काय वेळ येते

ओंडका आडवा कापताना कटर मिनिटभर पळतो, मग श्वास घेतो. भुसाही जाडसर पडतो, पोह्याच्या चुऱ्यासारखा. फळी पाडताना पातं ओंडक्याच्या लांबीने सरकतं आणि दात तंतूंची टोकं खरवडत जातात, त्यामुळे भुसा पिठासारखा बारीक होतो. शिवाय थ्रॉटल पूर्ण दाबलेला. आठ फुटांची, हातभर रुंद फळी काढायला माझ्या मशीनला सात-आठ मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ बोट ढिलं सोडायचं नसतं.

हिशोब करून बघा. सत्तर सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला हवा ओढतं. मिनिटाला ९,००० फेरे धरले तर कागदावर ६३० लिटर हवा होते. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून आकडा कमी येतो, तरी एका फळीला काही हजार लिटर हवा तळहाताएवढ्या फिल्टरमधून जाते. आणि ती हवा भुशाच्या ढगातलीच असते. दुचाकीचा फिल्टर याहून मोठा असतो, डब्यात बंद असतो आणि धुळीपासून लांब बसवलेला असतो. जुन्या कटरला यातलं काहीच नाही. नव्या मोठ्या मशीनमध्ये फ्लायव्हीलच्या पंख्याने जड कण आधीच बाहेर फेकायची सोय असते, फिल्टरपर्यंत पोचते ती बरीचशी स्वच्छ हवा. ती सोय जुन्या मशीनला मागाहून बसवता येत नाही. त्याच्या नादी लागू नका.

दुसरी गोष्ट टू-स्ट्रोकची. चार-स्ट्रोकमध्ये हवा थेट सिलिंडरमध्ये जाते. इथे ती आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या कप्प्यात, जाते, बेअरिंगांवरून फिरते आणि मग वर चढते. सोबत ऑइल असतं. त्या ऑइलात बारीक धूळ मिसळली की व्हॉल्व्ह घासायला मेकॅनिक जी पेस्ट वापरतात तीच आत तयार होते. ती रिंगा खाते, पिस्टनचा घेर खाते, बेअरिंगही सोडत नाही.

कोंडणं वेगळं, गळणं वेगळं

माझी सगळी चूक इथे होती, म्हणून यावर जास्त लिहितो.

फिल्टर कोंडला की मशीन बोंब मारतं. हवा कमी पडते, जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल सोडतच राहतो. मिश्रण घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, प्लग काळा पडतो, ताकद उतरते. तुम्ही वैतागता, फिल्टर काढता, साफ करता. यात वेळ जातो, पेट्रोल जातं, पण पिस्टन सहसा वाचतो.

फिल्टर कडेने गळत असेल तर मशीन काहीच बोलत नाही. उलट मस्त पळतं, कारण हवेला वाट मोकळी आहे. धूळ गुपचूप आत जात राहते, आणि तुम्हाला कळतं ते थेट कॉम्प्रेशन गेल्यावर. मी तीन वर्षं कोंडण्यावर उपाय करत राहिलो: मोठी जाळी, फोम, काय काय. त्या काळात गळती तशीच चालू होती. त्याहून वाईट म्हणजे, फिल्टर जितका बारीक आणि घट्ट तितकी हवा कडेच्या फटीतून जास्त जाते, कारण हवा सोपी वाट शोधते. म्हणजे फिल्टरची कड जिथे टेकते ती बैठक न तपासता भारीतला फिल्टर लावला तर धूळ वाढण्याची शक्यता असते. म्हणून पहिल्यांदा बैठक तपासायची आणि मग फिल्टरचा विचार करायचा.

आधी फिल्टर सोडून बाकीचं वगळा

फिल्टर निर्दोष असूनही हीच लक्षणं दिसतात, तेव्हा दोन मिनिटं खर्च करा. मशीन दमलं की लगेच पेट्रोलच्या टाकीचं झाकण हळूच ढिलं करा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि मशीन पुन्हा नीट चालायला लागलं, तर टाकीचा श्वास घ्यायचा व्हेंट भुशाने बंद झाला आहे. फरक असा की इथे पेट्रोल कमी पडत असतं, म्हणून धूर वाढत नाही, मशीन कोरडं किंचाळतं आणि मग बसतं. ही अवस्था पिस्टनला फार घातक, तशीच रेटू नका. झाकण उघडताना इंजिन बंद हवं आणि सायलेन्सरपासून लांब राहायचं, हे सांगायला नको.

सायलेन्सरच्या तोंडाला ठिणगीरोधक जाळी असेल तर ती काजळीने बुजली आहे का बघा. आणि सिलिंडरच्या पंख्या. फणसाचा चीक आणि भुसा मिळून तिथे असं काही लिंपण बसतं की लाकडी काडीने उकरावं लागतं.

बोट, पांढरं फडकं आणि ग्रीसची रेघ

आता गळती शोधायची. काम संपल्यावर मशीन थंड होऊ द्या. वरचं कव्हर काढण्याआधी बाहेरचा भुसा ब्रशने झाडा. चोक बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण फिल्टर उचलताना कडेचा भुसा हमखास कार्बोरेटरच्या तोंडात पडतो आणि मग तो आधीचा की आत्ताचा हे कळत नाही. फिल्टर काढा, बैठकीच्या भोवतालचं पुसून घ्या, मग चोक उघडा आणि मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा.

आतली भिंत ओलसर आणि काळपट-स्वच्छ दिसली तर ठीक. मला काय दिसलं? भिंतीवर हळद सांडल्यासारखा पिवळा थर, आणि खालच्या बाजूला ऑइलात भिजून झालेली बारीक गोळी. पांढऱ्या फडक्याचं टोक फिरवून काढलं आणि उन्हात धरलं. आमच्याकडे दारं-खिडक्या करणारे सुतारकाका तेव्हा अंगणात बसले होते. त्यांनी फडकं हातात घेऊन नखाने पसरवलं.

"पिवळं आहे ते फणसाचं लाकूड. त्यात लाल काय दिसतंय ते बघ तू," ते म्हणाले.

"काका, ती माती असेल."

"माती कुठली, जांभा आहे. ओंडका पाखाडीवरून ओढत आणलात ना तुम्ही?"

फडक्यावर पिवळ्यात खरंच विटकरी रंगाचे कण होते, चिमटीत चोळले की कचकच लागणारे. भुसाही वाईटच, पण तो लाकूड आहे. निदान काही अंशी जळतो. जांभ्याच्या धुळीत लोखंडाचे ऑक्साइड असतात, रेतीचे कण असतात, ते जळत नाहीत, घासत राहतात. फणस कापत असाल तर हा रंगाचा फायदा घ्या. इतकं स्पष्ट निदान दुसऱ्या लाकडात होत नाही.

धूळ आत जाते हे कळलं, पण कुठून? त्यासाठी पांढऱ्या ग्रीसची अगदी पातळ रेघ फिल्टरच्या बैठकीवर पूर्ण गोल ओढा. तशीच फिल्टरच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडावर, चोकचा दांडा जिथून आत जातो त्या भोकाभोवती, आणि फिल्टर आवळायच्या नटाखाली. एक फळी पाडा आणि उघडा. जिथे फिल्टर नीट दाबला गेला आहे तिथे रेघ बाहेरून भुशाने माखते, आतून पांढरीच राहते. गळतीच्या जागी रेघ आरपार पिवळी होते, जणू मुंग्यांची वाट. माझ्या मशीनला अशा दोन वाटा निघाल्या: एक चोकच्या दांड्यापाशी, तिथलं रबर सुकून उडून गेलं होतं, आणि दुसरी फिल्टरच्याच जोडावर.

फिल्टरची जाळी सूर्याकडे धरूनही बघा. माझ्या एका फिल्टरमध्ये सुईच्या टोकाएवढी चार भोकं होती. ती मीच पाडली होती, पंक्चरवाल्याकडच्या हवेच्या पाइपने. तो दाब टायरसाठी आहे. जाळीवर जवळून मारला तर तंतू सरकतात किंवा फाटतात.

आत किती नुकसान झालं ते पिस्टन न काढता समजतं. सायलेन्सर काढला की पिस्टनची एक बाजू दिसते, कार्बोरेटर आणि त्यामागचा रबरी बूट काढला की दुसरी. कार्बोरेटरकडची बाजू करडी, निस्तेज, बारीक उभ्या रेघांनी भरलेली असेल तर ते धुळीचं काम. सायलेन्सरकडच्या बाजूला खोल ओरखडे असतील आणि कार्बोरेटरकडची बाजू चांगली असेल, तर मिश्रण पातळ झालंय (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा मशीन तापलंय, फिल्टरचा दोष नाही. गेज असेल तर कॉम्प्रेशन मोजा. १५० पीएसआयच्या आसपास असेल तर निर्धास्त, ११० च्या खाली गेलं असेल तर आधी इंजिन उघडायची तयारी ठेवा, फिल्टर नंतर.

बूट हातात आलाच आहे तर तो वाकवून उजेडात बघा. तिथे चीर असेल तर कार्बोरेटरच्या पुढून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला आणि डायफ्रामला ते मानवत नाही, म्हणून जुन्या मशीनचं रबर दरवर्षी तपासावं.

बैठक नीट करणं

काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर चिकटवला, फिल्टरची प्लॅस्टिकची कड त्यावर आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवली. उंच भाग चकाकतो, बसका भाग तसाच राहतो, त्यावरून कड किती वाकली आहे ते दिसलं. थोडी वाकली असेल तर एवढ्याने सपाट होते. जास्त वाकली असेल तर नवा फिल्टर घ्या. कार्बोरेटर आणि फिल्टरची पाटी यांमधलं गॅस्केट बदललं. चोकच्या दांड्याचं मूळ रबर मिळालं नाही, तिथे जाड फेल्टची चकती कापून, ग्रीसमध्ये भिजवून बसवली. तीन हंगाम टिकली आहे. फिल्टरच्या दोन भागांच्या जोडाला दर वेळी बंद करताना ग्रीसचं बोट फिरवतो.

सिलिकॉन लावून टाका, असं बरेच जण सांगतात. बाजारात मिळणारं साधं सिलिकॉन पेट्रोलच्या वाफेने फुगतं, मऊ पडतं, त्याचा तुकडा सुटला तर थेट आत जातो. कार्बोरेटरच्या आसपास ते वापरू नका.

नवा फिल्टर घेताना जुना सोबत न्या आणि दोन्हींच्या कडा एकमेकींवर ठेवून बघा. स्वस्तातले फिल्टर दिसायला तेच असतात, पण कड ढिली असते, बोटाने दाबली की डुगडुगते. प्रकार साधारण तीन. नायलॉनची जाळी, तिच्यातही ८० मायक्रॉनची जाड आणि ४४ मायक्रॉनची बारीक. दुसरा मखमलीसारखी लव असलेला. तिसरा फेल्टचा. झाडतोडीला ८० ची जाळी पुरते. फळ्यांना लव असलेला किंवा फेल्टचा लागतो, पण तो लवकर कोंडतो. म्हणून त्याच्यावर आणखी एक आवरण हवं.

वरचं आवरण

पहिला प्रयोग नायलॉनच्या पातळ मोज्याचा. फिल्टरवर ओढून घातला. पीठ अडवत नाही, पण जाड भुसा अडवतो, आणि दर फळीला फिल्टर न उघडता वरच्या वर झाडता येतो. वाईट नाही. दुसरा प्रयोग अंघोळीच्या स्पंजचा, आणि तो अजिबात करू नका. कार्बोरेटर मधूनमधून पेट्रोलचा बारीक फवारा उलटा फेकतो. त्याने स्पंज चार दिवसांत चिकट झाला आणि त्याचे कण सुटायला लागले. सुदैवाने मी वेळेत बघितला.

टिकला तो गाड्यांच्या एअर फिल्टरचा फोम. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या स्पेअरपार्टच्या दुकानात शीट मिळते. साधारण अर्ध्या बोटाच्या जाडीची पट्टी कापून फिल्टरभोवती टोपीसारखी शिवली. शिवलीच, कारण गोंद पेट्रोलने सुटतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत फोम घालून टू-स्ट्रोक ऑइलचे आठ-दहा थेंब टाकायचे आणि सगळीकडे रंग सारखा येईपर्यंत चुरगाळायचं. पिळल्यावर बोटाला ऑइल लागावं, थेंब पडू नये. जास्त झालं तर फोमच कोंडतो. मग कव्हर लावून बघा. फोम कव्हरला दाबून बसला तर हवेला फिरायला जागाच राहत नाही आणि सगळी मेहनत उलटते. चारी बाजूंना करंगळी जाईल एवढी फट हवी.

एक प्रयोग फसला तोही सांगतो. पीव्हीसीचा पाइप काढून त्याच्या टोकाला दुचाकीचा मोठा फिल्टर लावला, हवा वरून, भुशाच्या ढगाबाहेरून घ्यायची म्हणून. कल्पना चांगली होती. पण कटरचा हादरा पाइपला सोसत नाही. दुसऱ्याच दिवशी जोड सैल झाला, आणि सैल जोड म्हणजे पुन्हा गळती. ज्यांना धातूचं पक्कं काम करता येतं त्यांनी करावं.

एच स्क्रूचा सापळा

हा परिच्छेद दोनदा वाचा. कोंडलेल्या फिल्टरने मशीन घट्ट चालायला लागलं की बरेच जण एच स्क्रू, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू, थोडा आवळतात. आवाज मोकळा होतो, काम पुढे सरकतं. संध्याकाळी फिल्टर धुतला जातो. सकाळी स्वच्छ फिल्टर, भरपूर हवा आणि आवळलेला स्क्रू: मिश्रण पातळ. पहिल्या फळीला मशीन कधी नव्हे इतकं जोरात पळतं, सगळे खूश, आणि फळीच्या शेवटी पिस्टन धरतो. माझा पहिला पिस्टन असाच गेला असावा, कारण त्याचे ओरखडे सायलेन्सरच्या बाजूला होते.

स्क्रूला हात लावायचा तो फक्त स्वच्छ फिल्टर, आवरण आणि कव्हर असं सगळं बसवून, मशीन गरम झाल्यावर. फळ्यांसाठी मिश्रण जरा घट्टच ठेवा. मोकळ्यावर पूर्ण थ्रॉटल दिला की आवाज किंचित फाटका, बुडबुडल्यासारखा यायला हवा, आणि लाकडात शिरताच तो साफ व्हायला हवा. मोकळ्यावरच शिट्टीसारखा स्वच्छ आवाज येत असेल तर लगेच थोडा सैल करा. फिल्टर किंवा आवरण बदललं की हे पुन्हा करायचं. आणि दुपारी ताकद उतरली तर स्क्रूड्रायव्हर खिशातच ठेवून फिल्टर बदलायचा.

धूळ फिल्टरपर्यंत कमी पोचावी म्हणून

सुतारकाकांच्या बोलण्यावरून पहिली गोष्ट केली ती सालीची. आता ओंडका पाखाडीवरून ओढत नाही, खाली बल्ल्या टाकून सरकवतो. फळी जिथून निघणार त्या रेषेवरची साल कोयत्याने तासून काढतो आणि घागरभर पाणी मारून ब्रशने धुतो. अर्धा तास जातो. त्या दिवसापासून फडक्यावर लाल दिसलेलं नाही, आणि चेनची धारही दुप्पट टिकते.

दुसरं वाऱ्याचं. आपल्या किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि ऊन चढलं की खारा वारा समुद्राकडून येतो. वारा मशीनकडून पात्याच्या टोकाकडे वाहत असेल तर भुसा ओंडक्यावरून पलीकडे जातो. उलटा असेल तर सगळा ढग मशीनवर आणि आपल्या तोंडावर. म्हणून ओंडका उत्तर-दक्षिण ठेवतो. सकाळी मशीन पूर्वेच्या अंगाला राहील अशा टोकाकडून सुरुवात करतो. अकराच्या सुमारास वारा फिरला की पुढची फळी दुसऱ्या टोकाकडून. चालायची दिशा उलटली की मशीन आपोआप पश्चिमेच्या अंगाला येतं आणि वारा पुन्हा पाठीशी. यात खर्च काहीच नाही, आणि फिल्टर कोंडायचा वेळ यानेच सर्वांत जास्त लांबला.

क्लच कव्हरच्या तोंडाशी, जिथून भुसा बाहेर पडतो तिथे, गाडीच्या जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा स्क्रूने लटकवला आहे. भुसा खाली वळतो. तोंड बंद होणार नाही एवढंच बघा, नाहीतर क्लच तापतो. आणि चेन फळ्यांचीच, दहा अंशांच्या धारेची, लावा. भुसा पिठासारखा न येता रव्यासारखा यायला लागला तर धार चांगली. पुन्हा पीठ पडायला लागलं की थांबून कानस मारायची. सागात सिलिका असते, तिथे धार पटकन जाते, म्हणून सागाला मी निम्म्या टाकीलाच कानस हातात घेतो. तोच भुसा आपल्याही छातीत जातो, तेव्हा एन-९५ मास्क घाला. नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

रोजचं

माझ्याकडे तीन फिल्टर आहेत, कडेला खिळ्याने एक, दोन, तीन रेघा मारलेले. दर टाकीला फिल्टर बदलतो, मशीन दमायची वाट बघत नाही. काढलेला झाकणाच्या डब्यात जातो. दगडावर आपटायचा नाही, कड तिथेच फुटते. संध्याकाळी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, आतून बाहेर पाणी सोडायचं, म्हणजे धूळ आली त्या वाटेने परत जाते. पेट्रोलने धुतला तर लव सुटते. वाळवायचा सावलीत, वाऱ्यावर. किनाऱ्यावरची दमट हवा लक्षात घेता एक रात्र पुरत नाही, म्हणूनच तीन. ओला फिल्टर चढवला तर त्यावर भुशाची खळ बसते आणि दहा मिनिटांत कोंडतो.

मृगाच्या आधी काम बंद करतो तेव्हा टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, कार्बोरेटर कोरडा होतो. फिल्टर काढून कोरड्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवतो. प्लग काढून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सिलिंडरमध्ये, दोरी हळू दोन-तीनदा. कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ सुती फडक्याचा बोळा, म्हणजे खारी हवा आणि कुंभारमाश्या आत जात नाहीत. आणि हँडलला लाल दोरा बांधून ठेवतो, म्हणजे ऑक्टोबरात मशीन सुरू करणारा मी असो की माझा पुतण्या, आधी बोळा काढला जाईल.